तीन शिखरं, दोन एकटे

डोंगरावर एकट्याने जायचं ठरवलं तर त्याला किती माणसं लागतात, याचा मला आधी अंदाज नव्हता.

ठरलं ते रागाच्या भरात. माझी लेक रोज संध्याकाळी फोन करते. फोन माझ्यासाठी असतो, पण बोलणं सगळ्या घराशी चालू असतं.

"बाबा, मी काय म्हणते, आता पुरे झालं एकट्याने राहणं. टॉवेल दोरीवर आहे! तुम्ही सरळ इकडे या. मागची खोली रिकामीच आहे. अगं, आजीला विचार ना, प्रत्येक गोष्ट मलाच का? हं, तर काय म्हणत होते मी?"

ती काय म्हणत होती ते मला पाठ होतं. थंडीच्या दिवसांत मी जिन्यात घसरलो, तेव्हापासून हाच विषय. आता, उभं आयुष्य लिफ्ट चालवलेला माणूस जिन्यात पडला यात नवल ते काय? सवय कुठून असणार? पण हे तिला पटत नव्हतं. तिला वाटत होतं, बाप थकला.

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं. "वाटल्यास समोरचे तीन डोंगर एका दिवसात ओलांडून दाखवतो. एकटा!"

हे वाक्य तोंडून का गेलं ते सांगायला हवं. आमच्या ऑफिसच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोर एक खिडकी होती आणि खिडकीत तीन शिखरं. माणसं बाहेर पडायला लागायचा तेवढा वेळ डोंगर दिसायचे, मग मी दार ओढून घ्यायचो. मोठे साहेब देहानेही मोठे होते, त्यामुळे ते असले की दिसायचे तेही नाहीत. अक्षरं मी फार उशिरा शिकलो, पण त्याच्या कितीतरी आधी या तिघांना नावं देऊन मोकळा झालो होतो: धाकटा, मधला आणि थोरला. इतकी वर्षं रोजची ओळख, आणि जवळून भेट एकदाही नाही.

लेकीने माझं वाक्य तिथेच पकडलं. मग म्हणाली, "ठरलं. तीनही शिखरं, एका दिवसात, एकट्याने, आणि अंधार पडायच्या आत खाली. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं."

"आणि पंच कोण?"

"मीच. डोंगरांच्या पलीकडच्या बाजूला वनखात्याची चौकी आहे ना, तिथे येऊन बसते."

"तुला कुठे वेळ असतो?"

"काढीन," ती म्हणाली, आणि लगेच कोणावर तरी ओरडली, "गॅस बंद करा!"

म्हणजे पणाला लागली ती माझी खोली. बघायला गेलं तर त्या खोलीत काही नाही. एक खाट, एक खुर्ची, भिंतीतलं कपाट, आणि पडदा ओढला की पलीकडे स्वयंपाकघर. पण दिवसभर परक्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिल्यावर संध्याकाळी ते दार लावून घेतलं की अंग सैल व्हायचं. बायको होती तेव्हाही आम्ही दोघं त्या एका खोलीत आपापले एकटे असायचो. ती खिडकीशी, मी खाटेवर. फार चांगलं चाललं होतं. लेकीच्या घरात माया भरपूर आहे, पण तिथे न्हाणीघरात गेलं तरी बाहेरून कोणीतरी विचारतं, "अजून किती वेळ?"

बातमी माझ्या राहत्या इमारतीत पसरली. शेजारच्या दारातले गृहस्थ बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरीला होते, म्हणून त्यांना सगळे चौकशी म्हणतात. निवृत्त झाल्यापासून ते कोणी न विचारताच माहिती देतात.

"टोपी रुंद काठाची घ्या. पाणी घोट घोट प्या. साप दिसला तर पळू नका."

"मग काय करू?"

"उभे राहा. तो जातो."

"आणि नाही गेला तर?"

"त्याची माहिती आपल्याकडे नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःची छत्री आणून दिली. तिला एक काडी कमी होती, पण देणाऱ्याचं मन मोठं होतं. मग एक शिट्टी आली, पायाला लावायचं मलम आलं, आणि खालच्या मजल्यावरून एका उत्साही माणसाचे बूट आले, जे मला किंचित मोठे होते. "दोन मोजे घाला," चौकशी म्हणाले. दोन घातले तर बूट लहान झाले. शेवटी एका पायात दोन आणि एका पायात एक अशी तडजोड निघाली.

पाठीवरच्या पिशवीचा पट्टा उसवला होता. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, भावजी, रात्रीत करून ठेवते." सकाळी निघताना त्यांनी ती पिशवी स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवर चढवली, पट्टे ओढून घट्ट केले आणि डोळे पुसले. मी डोंगरावर चाललो होतो, रणांगणावर नाही. पण डोळे पुसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगता येत नाही.

त्या दिवशी जग माझ्याशी विचित्र गोड वागत होतं. बसच्या रांगेत लोकांनी मला पुढे जाऊ दिलं. उतरताना कंडक्टरने माझा दंड धरला आणि म्हणाला, "सांभाळून, आजोबा. घरी माहीत आहे ना?" मला अपमान वाटला. म्हटलं, हे त्या बुटांमुळे होतंय, चाल बिघडली आहे.

अलीकडच्या चौकीवर एक रखवालदार टेबल मांडून बसला होता. समोर जाडजूड वही.

"बरोबर कोण?"

"कोणी नाही."

"मग नाही."

"मग नाही म्हणजे?"

"एकट्या माणसाला वर सोडत नाही. कमीत कमी दोन."

"अहो, मी एकट्याने जायलाच आलोय!"

"एकटे जा की," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण दोघं जा."

मी त्याला लेकीची अट सांगितली, खोली सांगितली, लिफ्टची खिडकी सांगितली. त्याने सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि पुन्हा विचारलं, "बरोबर कोण?" तेवढ्यात माझ्या मागून एक बाई आल्या. केस पिकलेले, डोक्यावर मोठी हॅट, चेहऱ्यावर घाई. त्यांनाही तोच प्रश्न. त्यांचंही तेच उत्तर. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चढला आणि माझ्यासारखाच खाली आला. मग रखवालदाराचा चेहरा उजळला.

"हे बघा, हे एक. तुम्ही एक. झाले की दोन!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे, दुकानात नको असलेला रंग दाखवल्यावर बघतात तसं बघितलं.

"नातं?" रखवालदाराने लेखणी उचलली.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग ओळख लिहा," मी म्हटलं.

"कधीपासूनची?"

"आत्तापासूनची."

त्याने ते लिहून घेतलं आणि नियम सांगितला. आत दोन गेले की पलीकडच्या चौकीवर बाहेर दोनच आले पाहिजेत. एकच आला तर त्याला बसवून ठेवतात आणि दुसऱ्याला शोधायला माणसं पाठवतात.

"आणि दुसरा सापडेपर्यंत पहिल्याने काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"काळजी," रखवालदार म्हणाला.

फाटकाच्या आत आल्यावर बाई थांबल्या. "हे बघा, गैरसमज नको. मी दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघते. आज मला एकही तोंड बघायचं नाही."

"माझी काही हरकत नाही," मी म्हटलं. "मी लिफ्टमन होतो. माणसांकडे पाठ करून उभं राहायचा मला पगार मिळायचा."

त्यांना हे आवडलं असावं. आम्ही करार केला. मी पुढे, त्या मागे, अंतर भरपूर. शिखरावर एका वेळी एकच माणूस. पहिला पलीकडे उतरल्याशिवाय दुसऱ्याने वर पाऊल टाकायचं नाही. मागे वळून बोलायचं नाही. माझ्या मनाचं मी समाधान केलं की वहीत दोन असलो तरी पायांनी मी एकटाच आहे, आणि लेकीने पायांची अट घातली होती.

धाकट्यावर मी घामाने निथळत पोचलो. ऊन चढलं होतं, दगड तापले होते, वारा मात्र होता. वर आलो आणि पहिली गोष्ट काय केली असेल? कडेला सरकून उभा राहिलो. कोणाला वाट द्यायची होती? कोणीच नव्हतं. मग धीर करून अगदी मधोमध उभा राहिलो. खाली शहर होतं, आणि त्यात आमची ऑफिसची इमारत मला सापडली, बोटाच्या पेराएवढी. आयुष्यभर मी त्या पेरात वर-खाली करत होतो. वाईट नाही वाटलं. फक्त असं वाटलं, की इतक्या लोकांना मी इतक्या वेळा वर नेलं, आणि त्यातला एकही इथवर पोचला नाही.

एवढा विचार करून मी मुकाट्याने पलीकडे उतरलो, कारण खाली आपल्या पाळीची वाट बघत कोणीतरी उभं होतं.

घोळ झाला तो मधल्यावर.

मधल्याच्या माथ्यावर एक मोठा खडक आहे आणि त्याची बऱ्यापैकी सावली पडते. तिथे बसून मी उकडलेला बटाटा खाल्ला, पाणी प्यायलो, आणि निघणार तोच माझ्यातला लिफ्टमन जागा झाला. माथ्याच्या अलीकडची चढण फार निसरडी होती. मी स्वतः दोनदा हात टेकले होते. आपल्यामागून एक बाई येते आहे, वहीत ती आपल्या नावाशेजारी आहे. ती सुखरूप दिसल्याशिवाय निघायचं कसं? पॅसेंजर बाहेर पडल्याशिवाय लिफ्टमन दार लावून निघून गेला, असं माझ्या नोकरीत एकदाही घडलेलं नाही. म्हटलं, त्यांची हॅट दिसू दे, मग उठतो.

हॅट दिसेना. मी आणखी एक बटाटा खाल्ला. सावली खडकाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. तिच्याबरोबर मीही सरकलो. किती हळू चालतात या, असं आधी वाटलं. मग राग आला. माझा दिवस, माझी खोली, आणि मी इथे एका अनोळखी डॉक्टरीणबाईंसाठी बसलोय. मग राग गेला आणि भीती वाटली. चक्कर आली असेल का? ऊन काय थोडं होतं?

मी शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. खालून लगेच, अगदी जवळून, आवाज आला.

"अहो! जिवंत आहात का?"

"आहे! तुम्ही?"

"मला काय झालंय? तुम्ही उतरत का नाही?"

मी वाकून बघितलं. निसरड्या चढणीच्या खालीच, एका झुडपाच्या आडोशाला बाई मांडी घालून बसल्या होत्या.

"मी तुमची वाट बघतोय!"

"आणि मी तुमची! तुमच्या छत्रीचं टोक दिसत होतं. करार काय ठरला होता? एका वेळी एकच!"

"पण तुम्ही आलाच नाहीत!"

"तुम्ही गेलाच नाहीत तर मी येऊ कशी?"

म्हणजे भर उन्हाळ्यात दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांचा मान राखत अर्धा दिवस दगडावर भाजत बसली होती. त्या वर आल्याशिवाय मी निघत नव्हतो आणि मी निघाल्याशिवाय त्या वर येत नव्हत्या. लिफ्टच्या दारात असं घडलं असतं तर मागचे लोक ओरडले असते. डोंगराचा हा एक तोटा आहे, मागून कोणी ओरडत नाही.

बाई वर आल्या, खडकाला टेकल्या आणि हसू लागल्या. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू? तुमच्या पाठीवर काय लिहिलंय, माहीत आहे?"

मी पिशवी काढून बघितली. शिवणवाल्या वहिनींनी लाल दोऱ्याने, हातभर अक्षरांत शिवलं होतं: सापडल्यास कळवावे. खाली लेकीचा फोन नंबर.

तर कंडक्टर म्हणून तसा बोलत होता. मी ती अक्षरं एकेक करून पुन्हा वाचली, कुठे तरी दुसरा अर्थ निघतो का बघायला. निघाला नाही.

"मला वाटलं, मुद्दामच लावलंय," बाई म्हणाल्या. "मी सकाळपासून विचार करतेय, हा माणूस सापडला म्हणायचं की नाही."

मी पिशवी अक्षरं खाली येतील अशी ठेवली. खिशातून शेंगदाणे काढून त्यांच्यापुढे धरले.

"उजव्याच बाजूने चावता तुम्ही," त्या म्हणाल्या. "डावीकडे काय आहे?"

"काही नाही."

"तेच विचारतेय. काही नाही, तर ते कधीपासून?" मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "जाऊ दे. आज सुट्टी आहे माझी."

मधल्याच्या पलीकडे एक खिंड लागते. तिथून सरळ एक वाट पलीकडच्या चौकीकडे उतरते. समोर थोरला उभा होता, आणि उन्हं कलली होती. हिशेब मांडला तर असा होता: वाटेने उतरलो तर उजेडात खाली, पण शिखरं दोनच. थोरल्यावर गेलो तर शिखरं तीन, पण उतरेपर्यंत अंधार. कसंही केलं तरी खोली गेली. हे कळल्यावर मी एका दगडावर बसलो. बाईंना मी सगळी गोष्ट सांगितली. एकटा माणूस एवढं बोलत नाही, पण आता कसला एकटा नि काय.

"मुलगी जाच करते?" त्यांनी विचारलं.

"छे! प्रेम करते. म्हणून तर नाही म्हणता येत नाही."

त्यांनी खालच्या वाटेकडे बघितलं. "माझ्याकडे तीन सुना आहेत," त्या म्हणाल्या. "तिघीही गुणी. घरात माझं पुस्तक मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे वाचते." मग उठल्या. "चला. हरायचंच असेल तर खालून कशाला?"

थोरल्याच्या माथ्याशी आलो तेव्हा मी सवयीने बाजूला झालो. "आधी तुम्ही."

"आधी तुम्ही."

"नाही, तसं मला जमत नाही."

"मग लिफ्ट बंद पडली आहे असं समजा, आणि निघा पुढे!"

त्या पाठ करून खाली बसल्या. मी वर गेलो.

थोरल्यावरून आमची इमारत दिसत नाही. शहरच दिसत नाही, मध्ये ते दोघे भाऊ येतात. नुसते डोंगर, त्यामागे आणखी डोंगर, आणि त्यांवर तिरपं ऊन. इतकी वर्षं हा मला दार उघडण्याच्या आणि लावण्याच्या मधल्या जागेत दिसला होता. मी उभा राहिलो. हात आपोआप बाजूला गेला, दार ओढायला. ओढायला काही नव्हतं. तेव्हा मला ते दिसणं थांबवता येईना, आणि ते थांबवायचं कारणही आठवेना. माझ्या खोलीचा, अटीचा, कशाचाच विचार त्या वेळी मनात नव्हता. नंतर आला. पण तेवढ्यापुरता मी खरोखर एकटा होतो, आणि एक बाई खाली बसून ते सांभाळत होती.

उतरताना अंधारलं. बाईंकडे बॅटरी होती आणि माझ्याकडे शिट्टी. मोठा बूट शेवटच्या उतारावर पायातून निघून दरीत गेला, दोन मोजेवाला मात्र घट्ट राहिला. एका बुटावर लंगडत, लेकीला काय सांगायचं ते मनात घोकत मी चौकीकडे आलो. ती रडून डोळे सुजवून बसली असेल, डोंगरावर माणसं पाठवली असतील, जावईबुवा धावत आले असतील, असं सगळं डोळ्यांपुढे होतं.

चौकीच्या ओसरीवर दिवा होता. लेक तिथल्या चौकीवाल्याच्या खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर, चपला खाली, डोकं मागे टेकलेलं. मला बघून तिने मान उचलली.

"आलात? इतक्यात?"

मला वाटलं, टोमणा आहे. "अगं, अंधार पडला."

तिने बाहेर बघितलं. "पडला का?"

"मी हरलो," मी म्हटलं. घोकलेलं सगळं विसरलो होतो. "शिखरं तीन झाली, पण उशीर झाला. आणि एकटाही नव्हतो. या डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. उद्या सामान बांधतो."

चौकीवाल्याने आम्हा दोघांना मोजून वहीवर खूण केली. बाईंनी आपली खूण झालेली बघितली, लेकीला नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि एकही शब्द न बोलता बसच्या दिशेने चालू लागल्या. उरलेली सुट्टी त्यांना वाया घालवायची नव्हती.

लेक उठली नाही. माझ्या बिनबुटाच्या पायाकडेही तिचं लक्ष गेलं नाही.

"बाबा, इथे फोनला रेंज नाही," ती हळूच म्हणाली. "दुपारी आले तेव्हा जीव घाबरला होता. तुम्ही अडकलात तर कळणार कसं, घरी काय चाललंय ते कळणार कसं. मग जरा वेळाने… कोणी काही विचारलंच नाही. यांनी चहा दिला. तो गरम असतानाच प्यायले मी. शेवटचा कधी प्यायले होते गरम, आठवत नाही. ते समोरचं झाड आहे ना, त्याच्यावर एक पक्षी येऊन बसला, मग उडून गेला. मी नुसती बघत होते. तुमची काळजी करायला आले होते, आणि मध्येच विसरले. राग नाही ना आला?"

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. एवढीशी होती तेव्हा दप्तर टाकून ती अशीच पायरीवर बसायची, कोणाशी न बोलता. आई हाक मारायची, "अगं, आत ये, एकटी काय बसलीस?" हात धरून आत न्यायचो तो मी.

"अजून बसायचं आहे का?" मी विचारलं.

"थोडा वेळ."

आम्ही बसलो. बोललो नाही.

घरी परतताना ती म्हणाली, "सामान बांधू नका." थोड्या वेळाने म्हणाली, "पण एक अट आहे. महिन्यातून एक दिवस ती खोली मला द्यायची. पूर्ण दिवस. आणि तुम्ही बाहेर जायचं. कुठेही. एकटे."

आता महिन्यातून एकदा ती सकाळीच येते, मला डबा देते आणि दारातून अक्षरशः बाहेर काढते. घरी सांगते, बाबांकडे बघायला जाते. मी हिंडतो. गेल्या वेळी ऊन फार होतं, पाय दुखले, म्हणून लवकर परत आलो. दारावर टकटक करायला हात वर केला. आतून काही आवाज नव्हता. भांड्याचा नाही, फोनचा नाही, कोणाला हाक मारल्याचा नाही. मी हात खाली घेतला आणि जिन्यावर बसलो.

चौकशी वर येत होते. मला बघून थांबले.

"काय हो, बाहेर का बसलात? घरात कोणी नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं. "म्हणूनच."